मुंबईची क्वीनी, पुण्याची रूबी आणि नगरची ॲना

जानेवारी २०२३ मध्ये ऑस्करची नामांकनं जाहीर झाली आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या यादीत मलेशियाच्या मिशेल यो यांचं नाव आलं. पुढे मार्चमध्ये त्यांना ते ऑस्कर मिळालंही. पण नामांकनाच्या बातम्या ज्यांनी बारकाईने वाचल्या असतील, त्यांच्या लक्षात एक गंमत आली असेल. ‘पहिल्या आशियाई अभिनेत्री’ असं सरळ न लिहिता काही पत्रकारांनी जरा वळसा घेतला होता. ‘स्वतःला आशियाई म्हणवणाऱ्या पहिल्या अभिनेत्री’ अशी ती शब्दयोजना होती. हा वळसा कशासाठी? तर त्यांच्या आधी तब्बल सत्याऐंशी वर्षांपूर्वी, १९३६ सालीच, एका आशियाई मुलीला हे नामांकन मिळालेलं होतं. फक्त तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. आणि मंडळी, ती मुलगी जन्मली होती आपल्या मुंबईत!

तिचं पडद्यावरचं नाव मर्ल ओबेरॉन. (ओबेरॉय नव्हे, हॉटेलवाल्यांशी हिचा काही संबंध नाही!) मला जुन्या कृष्णधवल सिनेमांचं वेड आहे. मर्ल ओबेरॉनची कहाणी मी आधी तुकड्यातुकड्यांनी वाचली होती. बातम्यांमधला तो वळसा पाहिला आणि ठरवलं की एकदा ती सलग लावायची. लावता लावता धागा मुंबईहून पुण्याला गेला, तिथून नगरला गेला आणि शेवटी चक्क आमच्या अल हैलपर्यंत येऊन पोचला. तोच सगळा प्रवास आज तुमच्यापुढे मांडते आहे.

मुंबईत जन्म, कलकत्त्यात बालपण

मर्लचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ चा. जन्मनाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन. त्याच वर्षाच्या शेवटी सम्राट पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. गेटवे ऑफ इंडिया पुढे ज्यांच्या स्वागताची आठवण म्हणून उभा राहिला, तेच हे. राणी मेरीच्या नावावरून या बाळाला घरात ‘क्वीनी’ म्हणू लागले. आपल्याकडे नाही का, एखाद्या मुलीला लाडाने ‘राणी’ म्हणत, तसंच.

घर मात्र राणीचं नव्हतं. घरात आई म्हणून वावरत होती शार्लट सेल्बी. ही मूळची सिलोनची, मिश्र वंशाची. तिच्या घराण्यात न्यूझीलंडच्या माओरी लोकांचाही एक धागा होता असं सांगतात. वडील इंग्लंडमधल्या डार्लिंग्टन गावचे, पेशाने इंजिनीअर. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सच्या आघाडीवर गेले आणि न्यूमोनियाने वारले. १९१७ मध्ये मायलेकी मुंबई सोडून कलकत्त्याला गेल्या.

अशा लोकांसाठी त्या वेळी आधी ‘युरेशियन’ आणि मग ‘अँग्लो-इंडियन’ हे शब्द होते. क्वीनी जन्मली त्याच वर्षी, १९११ च्या जनगणनेत, सरकारने मिश्र वंशाच्या लोकांसाठी ‘अँग्लो-इंडियन’ हे नाव अधिकृत केलं. रेल्वे, तारखातं, कस्टम्स, टेलिफोन एक्स्चेंज ही त्यांची हक्काची पोटापाण्याची ठिकाणं. साहेब त्यांना क्लबात घेत नसत आणि ‘नेटिव्ह’ लोक त्यांना आपलं मानत नसत. धड ना इकडे, धड ना तिकडे.

कलकत्त्यात क्वीनीला ला मार्टिनियर या मोठ्या शाळेत शिष्यवृत्ती मिळाली. पण तिथे मुलींनी तिच्या वंशावरून आणि परिस्थितीवरून इतकं टोचलं की तिने शाळा सोडली आणि पुढचं शिक्षण घरीच झालं. मोठी झाल्यावर टेलिफोन ऑपरेटरची नोकरी धरली. संध्याकाळी हौशी इंग्रजी नाटक मंडळींत कामं करायची, फिरपोसारख्या झगमगीत हॉटेलात नाचायला जायचं, सिनेमे बघायचे. शेवटी १९२८ च्या सुमारास कोणाच्या तरी ओळखीच्या भरवशावर ती फ्रान्सला पोचली आणि तिथून लंडनला. शार्लट बरोबर होतीच.

टास्मानियाची मर्ल

लंडनमध्ये किरकोळ भूमिका करत असताना अलेक्झांडर कोर्डा या निर्मात्याची नजर तिच्यावर पडली. कोर्डा स्वतः हंगेरीतून आलेला ज्यू, त्याचंही मूळ नाव वेगळंच. नवं नाव घेऊन नव्या देशात उभं राहणं म्हणजे काय, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. १९३३ च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’ या चित्रपटात त्याने तिला ॲन बोलिनची छोटी पण ठसठशीत भूमिका दिली. शिरच्छेदाला सामोरी जाणारी ती राणी लोकांच्या डोळ्यांसमोरून हलेना. क्वीनी एकदाची खरीच राणी झाली!

आता प्रश्न आला की ही मुलगी कुठली? मुंबईची, कलकत्त्याची म्हटलं तर लोक लगेच तिच्या चेहऱ्यात काहीबाही शोधणार. म्हणून प्रसिद्धीवाल्यांनी तिचं जन्मगाव ठरवलं टास्मानिया बेटावरचं होबार्ट. का? तर ते लंडनपासून आणि न्यूयॉर्कपासून इतकं लांब की तिथे जाऊन कोण चौकशी करणार? शिवाय वस्ती अस्सल ब्रिटिश. जन्माची नोंद मागितलीच, तर दप्तर आगीत जळालं म्हणून सांगायचं.

आज आपल्याला हे हास्यास्पद वाटेल. पण १९३४ च्या अखेरीस ती हॉलिवुडला गेली तेव्हाची अमेरिका लक्षात घ्या. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानी लोकांना अमेरिकेत स्थलांतर करण्यावर बंदी होती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या पहिल्या महायुद्धात अमेरिकेसाठी वर्दी घातलेल्या शीख माणसाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नाही, सबब तो नागरिक होऊ शकत नाही. हा दरवाजा किलकिला झाला तो थेट १९४६ साली, तोही वर्षाला शंभर माणसांपुरता. अनेक राज्यांत गोऱ्यांनी इतर वंशाच्या माणसाशी लग्न करणं बेकायदा होतं. खुद्द कॅलिफोर्नियात हा कायदा १९४८ पर्यंत टिकला. आणि १९३४ पासून कडक झालेल्या चित्रपट संहितेने गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायलाच मनाई केली होती. म्हणजे क्वीनीने खरं सांगितलं असतं, तर गोऱ्या नायकाबरोबर नायिका म्हणून उभं राहणं तिला जवळजवळ अशक्य झालं असतं.

१९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. पुरस्कार त्या वर्षी बेटी डेव्हिसला गेला. मग १९३९ मध्ये आला तिचा सर्वांत गाजलेला चित्रपट ‘वुदरिंग हाइट्स’. कॉलेजात इंग्रजी घेतलेल्यांना एमिली ब्राँटेची कादंबरी आठवत असेल. त्यात हीथक्लिफ हा सावळा, अज्ञात कुळाचा पोर. तो लास्कर, म्हणजे हिंदुस्थानी खलाशाचं पोर असेल, अशीही शंका कादंबरीतली माणसं घेतात. चित्रपटात हा हीथक्लिफ झाला गोरापान लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि त्याच्याशी लग्न केलं तर आपली प्रतिष्ठा जाईल म्हणणारी कॅथी झाली आपली मुंबईची क्वीनी! नियतीची थट्टा म्हणतात ती यापेक्षा वेगळी काय असते?

घरातली मोलकरीण

इथपर्यंत वाचताना कोणाला वाटेल, वा, पठ्ठीने सगळ्यांना बरं फसवलं! मलाही सुरुवातीला तसंच वाटत होतं. पण या गोष्टीची किंमत कोणी मोजली ते पाहिलं की हसू मावळतं.

शार्लट लंडनमध्ये मर्लच्याच घरात राहत होती. तिचा वर्ण सावळा. पाहुणे आले की ती दिसणार, आणि दिसली की प्रश्न येणार. म्हणून पाहुण्यांपुढे ती घरातली मोलकरीण म्हणून वावरे. जिने वाढवलं, जी समुद्र ओलांडून सोबत आली, ती चहाचा ट्रे आणून ठेवणारी नोकर झाली. १९३७ मध्ये शार्लट वारली. पुढे १९४९ साली मर्लने एका जुन्या फोटोवरून तिची तैलचित्रं काढून घेतली आणि चित्रकाराला सांगितलं, रंग उजळ ठेवा. ती चित्रं तिने अखेरपर्यंत आपल्या घरांत लावलेली होती. प्रेम नव्हतं असं नाही हो. पण ते प्रेम भिंतीवर टांगण्याआधीसुद्धा गोरं करून घ्यावं लागलं.

स्वतःच्या चेहऱ्याचीही तीच कथा. १९३७ मध्ये लंडनमधल्या मोटार अपघातात तिच्या चेहऱ्याला जखमा झाल्या. १९४० मध्ये सौंदर्यप्रसाधनांची विषबाधा आणि औषधाची ॲलर्जी होऊन त्वचा आणखी खराब झाली. छायालेखक ल्युसियन बॅलर्डने कॅमेऱ्यालगत बसवायचा एक खास दिवा तयार केला. त्या प्रकाशात व्रण दिसत नसत आणि चेहरा उजळून निघे. त्या दिव्याला तिच्यावरून ‘ओबी’ म्हणू लागले आणि सिनेमाच्या धंद्यात ते नाव अजून चालतं. मर्लने पुढे या बॅलर्डशी लग्नही केलं. त्याआधी ती कोर्डाची पत्नी होती. १९४२ मध्ये कोर्डाला ‘सर’ ही पदवी मिळाली आणि मुंबईची क्वीनी ‘लेडी कोर्डा’ झाली.

१९७८ मध्ये होबार्टने आपल्या या ‘लेकी’चा नगरपालिकेत सत्कार ठरवला. टास्मानियाच्या लोकांचा तिच्यावर फार जीव. सत्काराला ती गेली आणि तिथे आल्यावर म्हणाली, मी इथे जन्मलेली नाही. मग तब्येतीचं कारण सांगून प्रश्नोत्तरं टाळली. त्यापुढे मात्र ती एक अक्षर बोलली नाही. २३ नोव्हेंबर १९७९ रोजी तिचं निधन झालं.

१९८३ मध्ये तिचं चरित्र प्रसिद्ध झालं आणि मुंबईचा जन्म जगाला कळला. पण गोष्ट तिथेही संपली नव्हती. २००२ मधल्या एका ऑस्ट्रेलियन माहितीपटात आणखी एक पदर उलगडला. शार्लट ही मर्लची आई नव्हतीच, आजी होती! खरी आई म्हणजे शार्लटची मुलगी कॉन्स्टन्स, बाळंतपणाच्या वेळी अवघी बारा-चौदा वर्षांची. क्वीनीला लहानपणापासून ती ‘बहीण’ म्हणून माहीत. म्हणजे पहिलं खोटं क्वीनीने सांगितलेलं नव्हतं, ते तिला सांगितलं गेलं होतं. एका कोवळ्या पोरीवर झालेला अन्याय झाकण्यासाठी घराने ते पांघरूण घातलं होतं. तिच्या सावत्र भावाने मुंबईच्या सरकारी दप्तरातून तिचा जन्मदाखला काढला तेव्हा त्याला हे कळलं. तो तिला भेटायला लॉस एंजलिसला गेला. तिने भेट नाकारली.

नगरची ॲना आणि फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस

हे एकट्या क्वीनीचं नाही. आमच्या यजमानांचं आजोळ नगरचं, त्यामुळे पुढची गोष्ट सापडली तेव्हा मी अगदी उडालेच.

‘द किंग अँड आय’ हा १९५६ चा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. सयामच्या राजाच्या मुलांना शिकवणारी गोरी, ताठ कण्याची इंग्लिश बाई ॲना. खरी ॲना लिओनोवेन्स आयुष्यभर सांगत राहिली की आपण वेल्समध्ये जन्मलो. प्रत्यक्षात तिचा जन्म १८३१ साली अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) झाला. वडील कंपनी सरकारच्या फौजेत सार्जंट, आई अँग्लो-इंडियन. वडील तिच्या जन्माआधीच गेले. लहानपण लष्करी छावण्यांत गेलं, लग्न १८४९ मध्ये पुण्यात झालं. नवरा वारल्यावर दोन मुलं पदरी घेऊन ती सिंगापूरला आली तेव्हा तिने पाटी कोरी केली. नवं जन्मगाव, नवं घराणं. १८६२ मध्ये सयामच्या दरबारात नोकरी मिळाली ती ‘इंग्लिश लेडी’ म्हणून. नगरच्या लाइनीतल्या सार्जंटाच्या मुलीला ती मिळती ना! हे सगळं उजेडात आलं १९७० च्या दशकात, एका संशोधकाने जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा.

ॲनाला एलायझा नावाची थोरली बहीण होती. ॲनाने तिच्याशी संबंध तोडून टाकले. या एलायझाच्या मुलीच्या पोटी १८८७ मध्ये लंडनला एक मुलगा झाला, विल्यम हेन्री प्रॅट. त्याचे वडीलही हिंदुस्थानात मीठ खात्यात नोकरीला होते. मुलगा सावळा. घरच्यांची इच्छा त्याने सरकारी नोकरी करावी, पण तो नाटकाच्या नादाने कॅनडाला पळाला आणि त्याने नाव घेतलं बोरिस कार्लोफ. होय, तोच! १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस. सावळ्या रंगाचं कारण विचारू नये म्हणून रशियन वाटणारं नाव सोयीचं पडलं. नगरच्या छावणीपासून हॉलिवुडच्या राक्षसापर्यंत तीन पिढ्यांचा हा धागा पाहून मला हसावं की रडावं कळेना.

इकडे उलटा कारभार

हॉलिवुडला नावं ठेवून मोकळं होणं सोपं आहे. पण त्याच वर्षांत आपल्या मुंबईत काय चाललं होतं?

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही बाई मिळाली नाही. शेवटी हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके तारामती झाला. बालगंधर्वांवर जीव टाकणाऱ्या महाराष्ट्राला त्यात वावगं काही वाटलं नाही. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला (पुढच्या कमलाबाई गोखले) या मायलेकी पडद्यावर आल्या खऱ्या, पण त्या अपवाद ठरल्या. कुलीन घरातल्या मुलीने सिनेमात जायचं? छे छे!

मग ही जागा कोणी भरली? ज्यांच्याकडे समाज आधीच तिरक्या नजरेने बघत होता, त्या अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुलींनी. फक्त हिंदू प्रेक्षकाला आपलीशी वाटतील अशी नावं त्यांना दिली गेली. ‘लाइट ऑफ एशिया’ (१९२५), ‘शिराज’ (१९२८) आणि ‘प्रपंच पाश’ (१९२९) यांत झळकलेली सीता देवी म्हणजे रेनी स्मिथ. प्रमिला म्हणजे एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, १९४७ ची मिस इंडिया. आणि या सगळ्यांची राणी सुलोचना म्हणजे रूबी मायर्स.

रूबी १९०७ साली पुण्यात एका बगदादी ज्यू कुटुंबात जन्मली. आणि नोकरी काय करत होती माहीत आहे? टेलिफोन ऑपरेटर! क्वीनीसारखीच. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला विचारलं तेव्हा तिने आधी नकार दिला, कारण त्या धंद्याला इज्जत नव्हती. पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. १९२५ मध्ये ‘वीर बाला’ आला आणि मग तिने मागे वळून पाहिलं नाही. ‘टायपिस्ट गर्ल’, ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ (यात तिने आठ भूमिका केल्या), ‘अनारकली’. मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा तिचा पगार जास्त, असं लोक म्हणायचे. मूकपट होता तोवर भाषेचा प्रश्न नव्हता. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि या मुलींवर आभाळ कोसळलं. पडद्यावरची सीता, दमयंती तोंड उघडणार आणि इंग्रजी वळणाचं हिंदुस्थानी बोलणार! रूबी हार मानणारी नव्हती. तिने काही काळ थांबून हिंदुस्थानीचा अभ्यास केला आणि १९३२ मध्ये ‘माधुरी’ या बोलपटातून परत आली.

मर्ल आणि सुलोचना यांची तुलना करून बघा. दोघी ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या, दोघी टेलिफोनवर बसणाऱ्या, दोघींना नवी नावं मिळालेली. फरक असा की एकीला पूर्व लपवावी लागली आणि दुसरीला पूर्व पांघरावी लागली. आणखी एक मोठा फरक आहे. सुलोचना रूबी मायर्स आहे, हे मुंबईत सगळ्यांना ठाऊक होतं. नाव पडद्यापुरतं होतं, आईला मोलकरीण करावं लागलं नाही. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा!

‘हंटरवाली’ (१९३५) नादियाची गोष्ट तर धमाल आहे. मेरी ॲन इव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. (म्हणजे क्वीनीला खोटं खोटं ऑस्ट्रेलियन केलं, ही खरीच होती!) जे. बी. एच. वाडियांनी तिला सुचवलं, ‘नंदादेवी’ नाव घे आणि लांब काळी वेणी लाव. तिने साफ सांगितलं, ते जमणार नाही. सोनेरी केस, निळे डोळे तसेच ठेवून ती घोड्यावर बसली आणि पब्लिकने तिला डोक्यावर घेतलं.

आणि तारामती? १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये, पहिल्या मराठी बोलपटात, ती भूमिका दुर्गाबाई खोटे यांनी केली. लाडांच्या घरातली, कॉलेजात शिकलेली मुलगी. साळुंक्यांपासून दुर्गाबाईंपर्यंतची एकोणीस वर्षं ज्यांनी निभावून नेली, त्या रूबी आणि रेनींचे आपण खरं तर ऋणी आहोत. आपल्या लेकी ‘सुरक्षित’ घरात ठेवून आपण दुसऱ्यांच्या लेकींना सीता केलं, एवढं तरी कबूल करायला हवं.

अल हैलमधून पाहताना

आता म्हणाल, याचा मस्कतशी काय संबंध? सांगते.

आम्ही अल हैलमध्ये हायवेच्या समुद्राकडच्या अंगाला राहतो. आमच्या शेजारच्या ओमानी आजीबाई नातवंडांशी अरबीत बोलतात आणि बहिणीचा फोन आला की स्वाहिलीत. त्यांचं घराणं झांझिबारहून आलेलं. त्यांची आजी पेम्बा बेटावरची आफ्रिकन होती, हे त्यांनी मला दुसऱ्याच भेटीत, भाजीचा भाव सांगावा इतक्या सहजपणे सांगितलं. १९६४ च्या झांझिबारमधल्या क्रांतीनंतर आणि विशेषतः १९७० नंतर अशी कितीतरी कुटुंबं ओमानला परतली. आपल्यातले बरेच जण त्यांच्या शेजारी राहतात, त्यांच्याबरोबर काम करतात.

इथल्या राजघराण्याचा इतिहासही असाच बहुरंगी आहे. झांझिबारचे सुलतान बरघश यांची आई हबशी होती. तरुणपणी भावाविरुद्धचं बंड फसल्यावर १८५९ मध्ये त्यांना हद्दपार केलं ते कुठे? मुंबईला! त्यांची बहीण सल्मा हिची आई सर्केशियन, आणि १८८६ मध्ये छापलेल्या आपल्या आठवणींत तिने ते मोकळेपणाने लिहिलं आहे. सुलतान तैमूर यांनी १९३२ मध्ये गादी सोडली, नंतर जपानमध्ये कोबे इथे एका जपानी मुलीशी लग्न केलं. त्यांची कन्या बुथैना ओमानच्याच घराण्यात वाढली. तैमूर यांचं निधन १९६५ साली मुंबईत झालं. अर्थात हे चित्र गुलाबी करण्यात अर्थ नाही. यातल्या अनेक आया गुलाम म्हणून आणलेल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. पण घराणं बापाकडून मोजायचं, आणि आई कुठलीही असली तरी मूल आपलंच, ही रीत असल्यामुळे निदान मुलाला आई लपवावी लागत नव्हती.

हे सगळं वाचताना मला आपलीच घरं दिसत होती. आपल्या ओळखीत आता कोणाचा जावई जर्मन आहे, कोणाची सून फिलिपिनो, कोणाचं नातवंड निम्मं केनियन. इथे आपण त्यांचं कौतुक करतो. पण गावाकडे फोनवर सांगताना आवाज जरा खाली येतो की नाही? लग्नाच्या बायोडेटात ‘गोरी, सडपातळ’ हे शब्द अजून आहेतच. मुलीला उन्हात पोहायला जाऊ नको, काळी होशील, असं आपण अल हैलच्या किनाऱ्यावर उभं राहून सांगतो. ‘ओबी’ दिवा हॉलिवुडमध्ये तयार झाला खरा, पण तो आपल्याही दिवाणखान्यात लागलेला आहे.

मर्ल ओबेरॉन खोटारडी होती का? आमच्या शुक्रवारच्या चहाला यावर दोन तट पडले. कोणी म्हणालं, ज्या देशाने दार बंद केलं त्याला खरं सांगण्याचं बंधन तिच्यावर नव्हतं. कोणी म्हणालं, आजीला नोकर करणं हे कुठल्याही कायद्याने माफ होत नाही. मला दोन्ही पटतं. तिच्या जागी मी काय केलं असतं, याचं उत्तर मी छातीठोकपणे देणार नाही. पण एक नक्की, दार बंद करणाऱ्यांचा दोष आधी, दारातून सरपटत आत गेलेल्या पोरीचा नंतर. आणि आपल्या घराचं दार बंद आहे की उघडं, हे बघणं मात्र सर्वस्वी आपल्या हातात आहे.

मार्च २०२५ मध्ये मर्लचं एक नवं चरित्र आलं, बंगाली वंशाच्या मयुख सेन या लेखकाने लिहिलेलं. त्याच्या नावातच ‘क्वीनी’ आहे. हॉलिवुडची पहिली दक्षिण आशियाई तारका म्हणून आता तिचा उल्लेख मोकळेपणाने होतो. तिला हे आवडलं असतं का, कोण जाणे. पण शार्लटचं आणि कॉन्स्टन्सचं नाव त्या निमित्ताने लोकांच्या तोंडी आलं, याचा मला जास्त आनंद आहे.

या दिवाळीला फराळाच्या ताटाभोवती सगळे जमतील, फोनवर आजी-आजोबा भेटतील. मुलांना पणजीचं नाव विचारून बघा. तिचं माहेर कुठलं, ती कोणती भाषा बोलायची, तिचा रंग कसा होता. आठवतंय तोवर लिहून ठेवा, आणि जे लिहाल ते न उजळवता लिहा. क्वीनीचं दप्तर आगीत जळालं असं जग पन्नास वर्षं समजत होतं. ते जळालेलं नव्हतं. मुंबईत एका कपाटात, कोणीतरी विचारायला येईल म्हणून, ते शाबूत होतं.

सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!